माळ्यावरचा खोका: घरच्या व्हिडिओ कॅसेट आणि डिस्क हार्ड डिस्कवर कशा उतरवायच्या

ठाण्याच्या नौपाडा, पाचपाखाडी भागातल्या जुन्या इमारती पुनर्विकासाला जायला लागल्यापासून एक ठरावीक खोका घरोघरी माळ्यावरून खाली येतो. त्यात बारशाची, मुंजीची, लग्नाची कॅसेट असते, गडकरी रंगायतनमधल्या स्नेहसंमेलनाची सीडी असते, आणि तळाशी चार्जर हरवलेला एक कॅमेरा. वाशी-नेरूळच्या फ्लॅटमध्ये हाच खोका बहुतेक वेळा बाथरूमवरच्या माळ्यावर सापडतो. घरातली सगळ्यात दमट जागा ती.

टेप बऱ्याचदा अजून धड असते. संपत चाललंय ते तिला वाजवणारं यंत्र. व्हीएचएसचे व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी फुनाई. तिनेही जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. कॅमकॉर्डर दुरुस्त करणारे हात आणि सुटे भाग, दोन्ही दरवर्षी कमी होतायत. म्हणून चालू स्थितीतला कॅमेरा हाताशी असेल तर त्याच्यावर चालणाऱ्या सगळ्या कॅसेट एका दमात उतरवून घ्या. आणि प्रत्येक कॅसेट एकदाच, पण नीट, वाजवायची अशी तयारी ठेवा.

आधी खोक्यात काय आहे ते ओळखा

काडेपेटीहून थोडी मोठी कॅसेट म्हणजे मिनीडीव्ही. गाण्याच्या कॅसेटएवढी पण जाड असेल तर ती ८ मिलिमीटर कुळातली: व्हिडिओ८, हाय८ किंवा डिजिटल८. इथे फसायला होतं, कारण डिजिटल८चा कॅमेरा हाय८च्याच कॅसेटवर रेकॉर्ड करतो. कॅसेटवर 'हाय८' छापलेलं असलं तरी आतला मजकूर डिजिटल असू शकतो, आणि तो साध्या हाय८ कॅमेऱ्यात दिसणार नाही. साधारण त्याच मापाची पण त्याहून जाड, एकच चाक दिसणारी कॅसेट असेल ती व्हीएचएस-सी.

व्हीएचएस-सी मोठ्या व्हीएचएसच्या आकाराच्या अडॅप्टरमध्ये घालून व्हीसीआरमध्ये चालते. ८ मिलिमीटर आणि मिनीडीव्हीसाठी असा अडॅप्टर नाही. कुणी विकायला आलं तरी घेऊ नका: टेपची रुंदी आणि रेकॉर्डिंगची पद्धतच वेगळी आहे, त्या त्या जातीचा कॅमेराच लागतो.

डिस्कमध्ये तीन प्रकार येतात. लग्नाच्या फोटोग्राफरने दिलेली दोन-तीन डिस्कची व्हीसीडी, घरच्या डीव्हीडी रेकॉर्डरवर केलेली १२ सेंटिमीटरची डीव्हीडी, आणि डीव्हीडी कॅमकॉर्डरमधली ८ सेंटिमीटरची छोटी डिस्क. छोटीत १.४ जीबी मावतात, म्हणजे साध्या दर्जात अर्धा तास.

सगळ्यांना क्रमांक द्या. कॅसेटच्या लेबलवर पेन्सिलीने, डिस्कच्या कव्हरवर. 'कॅसेट ०७' हाच क्रमांक पुढे फाइलच्या नावात येणार आहे.

सुरुवात डिस्कपासून करा

डिस्कचं काम लवकर होतं आणि हात बसतो. पण पहिली चूकही इथेच होते. घरी रेकॉर्ड केलेली डीव्हीडी 'फायनलाइज' केलेली, म्हणजे इतर यंत्रांत चालावी म्हणून शेवटी बंद केलेली, नसेल तर विंडोज तिला कोरी समजतं आणि ही डिस्क कशी वापरायची, असं विचारतं. तिथे कॅन्सल करायचं. फॉरमॅट किंवा इनिशिअलाइजला चुकूनही होकार देऊ नका. ज्या कॅमेऱ्यात किंवा रेकॉर्डरमध्ये ती डिस्क भरली तो चालू असेल तर त्यातच, चार्जर लावून, मेन्यूमधून फायनलाइज करा. काही मिनिटं लागतात, मध्ये वीज जाता कामा नये. तो कॅमेरा नसेल तर आयसोबस्टर हा प्रोग्रॅम अर्धवट बंद झालेली डिस्क वाचून आतला व्हिडिओ बाहेर काढू शकतो. डीव्हीडी-आरडब्ल्यूवर 'व्हीआर मोड'मध्ये केलेलं रेकॉर्डिंगही त्यात निघतं. तिथे नेहमीच्या व्हीओबी फाइलींऐवजी एकच मोठी व्हीआरओ फाइल दिसते.

फायनलाइज झालेल्या डीव्हीडीची पद्धत सरळ आहे.

१. डिस्क साध्या पाण्याने ओल्या केलेल्या मऊ मायक्रोफायबर कापडाने पुसा. मधल्या भोकाकडून कडेकडे, सरळ रेषेत. गोल गोल पुसलं की पडणारा ओरखडा ट्रॅकच्या दिशेनेच लांबत जातो, आणि ड्राइव्हला तो आडव्या ओरखड्यापेक्षा जास्त जड जातो.

२. यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह थेट लॅपटॉपला लावा, हबला नको. ड्राइव्ह फिरायला लागून मध्येच बंद पडत असेल तर त्याला वीज कमी पडतेय, दोन यूएसबी टोकांची वाय केबल वापरा. ८ सेंटिमीटरची डिस्क फक्त ट्रे असलेल्या ड्राइव्हमध्ये घाला. फटीतून डिस्क आत ओढणाऱ्या ड्राइव्हमध्ये ती अडकते.

३. इमगबर्न या प्रोग्रॅममध्ये संपूर्ण डिस्कची आयएसओ प्रतिमा बनवा. नुसत्या फाइली ओढून घेऊ नका. आयएसओ म्हणजे डिस्कची जशीच्या तशी नक्कल, मेन्यूसकट.

४. आयएसओ हातात आल्यावर मेकएमकेव्हीने त्यातला व्हिडिओ एमकेव्ही फाइलीत काढा. हा प्रोग्रॅम चित्र पुन्हा दाबत नाही, फक्त डबा बदलतो, त्यामुळे दर्जा जसाच्या तसा राहतो. डीव्हीडीवर एकच सोहळा १ जीबीच्या अनेक व्हीओबी तुकड्यांत असतो. ते तुकडे हाताने एकमेकांना जोडले की वेळेचे आकडे बिघडतात आणि व्हिडिओ पुढे-मागे करता येत नाही.

नातेवाइकांसाठी दुसरी डिस्क हवी असेल तर त्याच आयएसओवरून इमगबर्नने लिहा. कोरी डीव्हीडी-आर, वेग ४ पट किंवा ८ पट, शेवटी 'व्हेरिफाय' चालू. नाव मऊ टोकाच्या, पाण्याच्या शाईच्या पेनने लिहा. कागदी स्टिकर लावला की डिस्कचा तोल जातो आणि ती थरथरते.

डिस्क वाचताना आकडा एकाच जागी अडकून ड्राइव्ह घरघरायला लागला तर थांबवा. पुन्हा पुन्हा हट्ट केल्याने काही होत नाही. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून डीडीरेस्क्यू हा प्रोग्रॅम वापरा. तो आधी वाचता येईल तेवढं उचलतो, अडलेल्या जागांची नोंद एका नकाशा-फाइलीत ठेवतो आणि नंतर फक्त त्याच जागांकडे परत जातो. पहिली फेरी एका ड्राइव्हवर आणि दुसरी वेगळ्या कंपनीच्या ड्राइव्हवर, पण तीच नकाशा-फाइल वापरून, केली तर राहिलेले बरेच सेक्टर (डिस्कवरचे माहितीचे छोटे तुकडे) निघतात. एका ड्राइव्हला न वाचलेला भाग दुसऱ्याला वाचता येणं अगदी नेहमीचं आहे.

व्हीसीडीला मात्र ही आयएसओची पद्धत लागू नाही, आणि नवखे नेमके तिथे अडकतात. व्हीसीडीवरचा व्हिडिओ वेगळ्या प्रकारच्या सेक्टरमध्ये असतो. जास्त वेळ मावावा म्हणून तिथे चूक दुरुस्त करणारी माहिती कमी ठेवलेली असते. त्यामुळे एक, व्हीसीडीची आयएसओ बनवून उपयोग नाही, बिन आणि क्यू अशी फाइलींची जोडी बनवा. दोन, फाइल एक्सप्लोररमधून व्हिडिओची डॅट फाइल ओढली तर छोटासा ओरखडा आला तरी कॉपी थांबते. आयसोबस्टरमध्ये तीच फाइल एमपीईजी म्हणून काढली की खराब भागात चित्र क्षणभर फाटतं आणि पुढे चालू राहतं. मुळात हे चित्र ३५२ बाय २८८ चंच आहे. मोठ्या टीव्हीवर ते धूसरच दिसणार, त्यात तुमची काही चूक नाही.

आणखी एक: सीडीची छापलेली बाजू जपा. सीडीमध्ये चमकणारा थर वरच्या पातळ लाखेच्या लगेच खाली असतो, त्यामुळे वरून पडलेला ओरखडा खालच्यापेक्षा घातक. डीव्हीडीत तो थर ०.६ मिलिमीटरच्या दोन प्लॅस्टिक चकत्यांच्या मध्ये बंद असतो. सीडी उजेडापुढे धरून बारीक छिद्रांतून प्रकाश आला तर तेवढी माहिती गेली असं समजा.

कॅसेट लावण्याआधी

कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या गुंडाळीची सपाट बाजू टॉर्चने बघा. ती एकसारखी काळी-तपकिरी, गुळगुळीत दिसली पाहिजे. पिठासारखा पांढरा थर, राखाडी ठिपके किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. खाडीकाठच्या हवेत, आणि जुलै-ऑगस्टच्या दमटपणात, हे वारंवार दिसतं. अशी कॅसेट लगेच झिपच्या पिशवीत वेगळी ठेवा आणि कॅमेऱ्यात घालू नका. एकदा ती फिरली की बुरशी हेडवर (टेप वाचणारा भाग) आणि रोलरवर बसते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. बुरशीवाल्या कॅसेट उघडून साफ करणाऱ्याकडेच द्या.

उरलेल्या कॅसेटवर चुकून नवं रेकॉर्डिंग होऊन जुनं पुसलं जाऊ नये याची काळजी घ्या. मिनीडीव्ही आणि ८ मिलिमीटरवर मागच्या कडेला छोटी सरकपट्टी असते, ती सेव्हकडे सरकवा. व्हीएचएसची प्लॅस्टिकची पाकळी तोडून टाका.

कॅमेऱ्याला एसी आणि पाऊस दोन्ही एकदम चालत नाहीत. थंड खोलीतून दमट बाल्कनीत आणला की आतल्या ड्रमवर (हेड बसवलेला फिरता गोल) दव जमतं, टेप त्याला चिकटते आणि ताणली जाते. पडद्यावर दवाची खूण आली तर कॅसेट काढून, झाकण उघडं ठेवून किमान तासभर थांबा. खोली बदलायचीच असेल तर कॅमेरा पिशवीत बंद करून न्या आणि तापमान सारखं झाल्यावर उघडा. जमलं तर हे काम दिवाळी ते मे या काळात काढा.

चार्जरचा व्होल्ट कॅमेऱ्याच्या तळाशी किंवा बॅटरीमागे लिहिलेला असतो, त्याच आकड्याचा घ्या. जुन्या बॅटरीवर काम करू नका, ती टेपच्या मध्यात मान टाकते. जुना कॅमेरा, केबल, चार्जर शोधायला लॅमिंग्टन रोड अजूनही चांगला: ठाण्याहून दादरला उतरून पश्चिम रेल्वेची धीमी गाडी, ग्रँट रोड स्टेशन. जाताना घरची एक कॅसेट सोबत न्या, पण ती बिनमहत्त्वाची असू द्या: टीव्हीवरून रेकॉर्ड केलेली मॅच वगैरे. घरी आल्यावरही पहिला प्रयोग तिच्यावरच.

वर्षानुवर्षं न हललेली टेप आधी पूर्ण पुढे पळवा, मग पूर्ण मागे आणा. चिकटलेले वेढे सुटतात, ताण सारखा होतो आणि वाजवताना चित्र कमी थरथरतं. पळवताना किरकिर आवाज आला तर मात्र लगेच थांबा.

मिनीडीव्ही आणि डिजिटल८: फायरवायरनेच

या टेपवर व्हिडिओ आधीच आकड्यांच्या रूपात आहे. तो आकडा-न्-आकडा उचलायचा असतो आणि त्यासाठी कॅमेऱ्याचं डीव्ही (म्हणजेच फायरवायर) नावाचं छोटं, चार पिनांचं भोक आहे. कॅमेऱ्याला यूएसबी असली तरी ती बहुतेक फोटोंसाठी किंवा हलक्या दर्जाच्या वेबकॅमसाठी असते. पिवळ्या पिनेच्या साध्या व्हिडिओ केबलने (कॉम्पोझिट) घेतलंत तर चित्राचा दर्जा तर जातोच, शिवाय प्रत्येक फ्रेमसोबत टेपवर लिहिलेली तारीख आणि वेळही जाते. कुटुंबाच्या इतिहासात ती तारीख सोन्याची. मुलगा पहिलं पाऊल टाकताना कुठला दिवस होता हे नंतर कुणालाच आठवत नाही, टेपवर ते सेकंदासकट असतं.

बाजारात यूएसबी ते फायरवायर अशी साधी केबल मिळते. ती चालत नाही. दोन्हीची भाषा वेगळी आहे आणि नुसती वायर भाषांतर करत नाही. डेस्कटॉपमध्ये पीसीआय एक्सप्रेसचं फायरवायर कार्ड बसवा. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप असलेलं मिळालं तर उत्तम. लॅपटॉपवाल्यांनी कुणाचा तरी जुना डेस्कटॉप महिनाभर मागून घ्यावा, तो मार्ग सगळ्यात स्वस्त. जुन्या मॅकवर थंडरबोल्टचे अडॅप्टर जोडून काम होतं, पण मॅकओएस २६ मध्ये फायरवायर काढून टाकलं आहे, तेव्हा त्यावर अपडेट केलेला मॅक चालणार नाही.

१. कॅमेरा आणि संगणक दोन्ही बंद ठेवून केबल लावा. सहा पिनांच्या टोकातून वीजही येते. ते उलटं घुसवलं किंवा चालू असताना ओढाताण केली तर कॅमेऱ्याचं डीव्ही पोर्ट कायमचं जाऊ शकतं.

२. विंडोज १० किंवा ११ मध्ये कॅमेरा दिसत नसेल तर मायक्रोसॉफ्टचा '१३९४ लेगसी' ड्रायव्हर वेगळा टाकून डिव्हाइस मॅनेजरमध्ये निवडा. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं.

३. कॅमेरा प्ले किंवा व्हीसीआर मोडमध्ये सुरू करा. टेप उतरवणारा विनडीव्ही हा प्रोग्रॅम उघडा. लिनक्सवर डीव्हीग्रॅब.

४. हार्ड डिस्कवर जागा बघा. एका तासाला १३ जीबी लागतात, २० कॅसेटना २६०. डिस्क एक्सफॅट किंवा एनटीएफएस असली पाहिजे. फॅट३२ असेल तर एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही आणि रेकॉर्डिंग साधारण १९-२० मिनिटांनी गपकन थांबतं.

५. संगणकाची झोप, अपडेट, अँटिव्हायरसचं स्कॅन बंद करा. दोन मिनिटं उतरवून व्हीएलसीत आवाज-चित्र तपासा, मग टेप सुरुवातीला नेऊन पूर्ण चालवा. एक तासाच्या टेपला एक तास लागतो, त्यात घाई नाही.

६. शेवटी 'ड्रॉप्ड फ्रेम', म्हणजे उतरवताना गळालेली चित्रं, शून्य आहेत ना ते बघा.

चित्रात चौकोन-चौकोन तुटलेले दिसले तर कसे दिसतात ते नीट पाहा. अधूनमधून एखादा ठिपका आला तर टेपचा लेप तेवढा उडालाय. पण पूर्ण चित्रावर आडवे पट्टे, एक चांगला एक तुटका, असे दिसले तर ड्रमवरच्या दोन हेडपैकी एक मळलाय. आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीत एक फ्रेम १२ तिरक्या रेषांत लिहिली जाते आणि दोन्ही हेड आळीपाळीने वाचतात, म्हणून पट्टेही आळीपाळीने येतात. कोरडी क्लीनिंग कॅसेट दहा सेकंद चालवा, लागलं तर आणखी एकदा. ती घासकागदासारखी असते, तासभर चालवायची वस्तू नव्हे. हेडला कापसाची काडी तर लावूच नका, तंतू अडकून हेड तुटतो.

साफ केल्यावरही तुटतंय आणि टेप दीड तासाची भरलेली आहे? मग ती 'एलपी'मध्ये, म्हणजे जास्त वेळ मावावा म्हणून टेप हळू चालवून, रेकॉर्ड केलेली असणार. एलपीच्या रेषा अरुंद असतात आणि ज्या कॅमेऱ्यात भरली त्यातच नीट वाचल्या जातात. मूळ कॅमेरा शोधा. फार मोलाची टेप असेल तर तीनदा उतरवा आणि डीव्हीरेस्क्यू या प्रोग्रॅमने तिन्हींतल्या चांगल्या फ्रेमा जुळवून एक फाइल बनवा.

हाय८, व्हिडिओ८, व्हीएचएस

इथे माहिती लहरींच्या रूपात आहे, तिला आकड्यांत बदलावं लागतं. ८ मिलिमीटरसाठी सगळ्यात चांगली युक्ती म्हणजे जुन्या हाय८ टेपही वाजवणारा डिजिटल८ कॅमेरा. सोनीच्या बऱ्याच मॉडेलांत हे होतं, सगळ्यांत नाही, तेव्हा घेण्याआधी कॅसेट लावून बघा. तो स्वतःच चित्र डिजिटल करून फायरवायरने देतो, आणि मेन्यूत 'टीबीसी' (सिग्नलची वेळ सावरणारी सोय) असेल तर थरथरणाऱ्या कडाही सरळ करतो.

तसा कॅमेरा नसेल तर यूएसबी कॅप्चर कार्ड, म्हणजे टेपचा सिग्नल संगणकात घेणारं छोटं उपकरण. अगदी स्वस्त कार्डात तासाभराने ओठ आणि आवाज जुळेनासे होतात, कारण टेपचा सिग्नल डळमळला की कार्ड फ्रेमा गाळतं आणि आवाज मात्र पुढे जात राहतो. एस-व्हिडिओची (पिवळ्यापेक्षा चांगलं चित्र देणारी केबल) जागा असलेलं कार्ड घ्या, आणि हाय८ कॅमेऱ्याला एस-व्हिडिओ असेल तर पिवळ्याऐवजी तीच केबल लावा. व्हर्च्युअलडब या प्रोग्रॅममध्ये पाल, ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम असं ठेवा. हफवायूव्ही या, दर्जा न घालवता दाबणाऱ्या कोडेकने तासाला ३० जीबीच्या आसपास जागा लागते. परदेशातून आणलेल्या कॅमेऱ्याची टेप एनटीएससी या दुसऱ्या टीव्ही पद्धतीची असू शकते, तेव्हा ७२० बाय ४८०.

चित्र काळं-पांढरं आलं तर सॉफ्टवेअरमध्ये एस-व्हिडिओ आणि कॉम्पोझिट यांची अदलाबदल झालीय, नाहीतर पाल-एनटीएससीची निवड चुकलीय. चित्रच नाही आणि स्पीकरमधून नुसती घूं ऐकू येतेय? कॅमेऱ्याच्या ३.५ मिलिमीटर एव्ही केबलीतली तारांची जोडणी कंपनीप्रमाणे बदलते. लाल पिन पिवळ्या जागी लावून बघा. व्हीएचएसच्या चित्राच्या तळाशी पाच-सहा रेषांचा नाचणारा पट्टा मात्र प्रत्येक टेपवर असतो. जुन्या टीव्हीच्या चौकटीआड तो लपायचा. मूळ फाइलीत तो राहू द्या.

उतरवून झाल्यावर

मूळ फाइल कधीही कापू नका, दाबू नका. फोनवर पाठवायची प्रत वेगळी बनवा: हँडब्रेक हा प्रोग्रॅम, एच.२६४, डीइंटरलेसमध्ये (हलत्या कडांवरच्या आडव्या रेषा घालवणारी सोय) बीडब्ल्यूडीआयएफ आणि 'बॉब'. बॉबमुळे सेकंदाला ५० चित्रं मिळतात आणि लेझीमचा हात फरफटलेला दिसत नाही. व्हॉट्सॲपवर गेलेली प्रत जमेत धरू नका, तिथे व्हिडिओ खूप दाबला जातो.

फाइलच्या नावात आधी साल, मग महिना, मग प्रसंग, मग कॅसेटचा क्रमांक. शेजारी एक साधी मजकूर फाइल ठेवा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना व्हिडिओ दाखवून कोण कुठे दिसतं ते मिनिटासकट लिहून घ्या. 'बाराव्या मिनिटाला निळ्या नऊवारीत उभी ती अक्काआत्या' हे सांगणारं माणूस आज शेजारी बसलंय, तर ते आजच विचारा.

प्रती तीन ठेवा. दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्क, आणि तिसरी दुसऱ्या गावी, पुण्याच्या भावाकडे किंवा क्लाउडवर. कॉपी झाल्यावर दोन्ही बाजूंचे हॅश आकडे (फाइलच्या आतल्या माहितीवरून निघणारी खूण) जुळवा, नुसती फाइल दिसतेय म्हणून खूश होऊ नका. हार्ड डिस्क वर्षातून एकदा लावून चालवून बघा.

ठाण्यात, वाशीत काही फोटो स्टुडिओ हे काम करून देतात. त्यांच्याकडे देणार असाल तर दोनच प्रश्न विचारा: मिनीडीव्ही फायरवायरने उतरवता का, आणि मूळ डीव्ही फाइल मिळेल का. 'डीव्हीडी करून देतो' एवढंच उत्तर आलं तर कॅसेट परत घ्या, कारण १३ जीबीचा तास ते ४.७ जीबीच्या डिस्कमध्ये कोंबणार. आणि कॅसेट देताना क्रमांकांची यादी लिहून सही घ्या.

मूळ कॅसेट फेकू नका. पूर्ण मागे गुंडाळून, कव्हरमध्ये, पुस्तकासारख्या उभ्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. सोबत सिलिका जेलच्या पुड्या, पावसाळा संपला की बदलायच्या. डबा कपाटात, बाथरूमवरच्या माळ्यावर नको. कॅमेरा ठेवताना आत कॅसेट राहिली नाही ना ते बघा आणि बॅटरी काढून वेगळी ठेवा.